बत्तीसचं बटण

घोडेगावचे मिस्तरी घरात आले की घरमालकाला काहीही विचारत नसत. मालक बिचारा दारातच उभा राहून "वायरिंगचाच घोळ हाय, मी सांगतो ना तुमाला" असं म्हणत असायचा, आणि मिस्तरी मान हलवत त्याच्या अंगावरून पुढे सरळ स्वयंपाकघराकडे जायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसायचे आणि आतल्या बाईला विचारायचे, "भाभी, लाईट कधी जाती? तवा तुमी काय करत व्हता?" मग मिक्सर, मोटर, गिझर, इस्त्री, देवघरातला दिवा, सगळ्यांची चौकशी. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तोवर पिशवीतला स्क्रूड्रायव्हर बाहेर निघायचा नाही.

"बाप्या माणूस बिल भरतो," ते म्हणायचे. "बटनं बाईमाणूस दाबतं. मग बटनाचं कुनाला विचारायचं?"

पुरुषांना हे झोंबायचं. मला जरा जास्तच. मी कांद्याचा व्यापारी. आठवडे बाजारात हातात ताणकाटा घेऊन सुरुवात केली, मग एक टेम्पो, मग घोडेगाव-मंचर रस्त्यालगत जागा, तिथे कांदा साठवायची मोठी बराख आणि तिच्या शेजारी स्लॅबचा बंगला. यातली एक वीटही कुणी मला फुकट दिलेली नाही. त्यामुळे माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कुणी खिळा ठोकलेलाही मला खपत नाही. आणि हा माणूस माझ्याच ओट्यावर मला ओलांडून माझ्या बायकोशी बोलायचा. त्यांच्याबद्दलचा माझा राग तेव्हापासूनचा आहे. लिहायला बसलो तेव्हा वाटलं, निदान तो तरी नीट मांडावा.

मिस्तरी मूळचे जुन्नरचे. वडील तिथे कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. लग्नानंतर मिस्तरी घोडेगावला आले आणि तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत दोन माणसं उभी राहतील एवढ्या गाळ्यात त्यांनी दुकान मांडलं. पांढरी, बारीक कातरलेली दाढी, कानावर पेन्सिल, जुनी मोपेड आणि बायकोने जुन्या पँटीची शिवून दिलेली हत्यारांची पिशवी. कानावरची पेन्सिल हिशेबासाठी नव्हती. काम झालं की मीटरच्या बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचे, काय बिघडलं होतं आणि काय केलं. "माझ्यामागं दुसरा कोनी आला तर त्याला येड्यावानी शोधत बसाया नको," म्हणायचे. आमच्या भागात कितीतरी बोर्डांच्या दारांआड त्यांचं हे अक्षर अजून असेल.

त्यांची कीर्ती ज्यामुळे झाली ती गोष्ट आमच्याच गावातल्या एका गुरुजींच्या घरची. गुरुजींचा फ्रीज शॉक मारायचा. दोन वायरमन येऊन गेले, फ्रीज उघडून बंद करून गेले. गुरुजी स्वतः विज्ञान शिकवणारे, त्यांनी मिस्तरींना फळ्यावर समजावल्यासारखं सगळं समजावलं. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि गुरुजींच्या बायकोला विचारलं, "भाभी, भांडी कुठं घासता?"

गुरुजी हसलेच. "मिस्तरी, शॉक फ्रीजला हाय, भांड्याला न्हाई."

"व्हय गुरुजी. पर भाभी, कुठं?"

बाई म्हणाल्या, पूर्वी मागच्या अंगणात घासायचो, आता दिवाळीपासून फरशी टाकली आणि मोरी आत घेतली. मिस्तरी उठले, मागे गेले, फरशीची एक लादी उचलली. खाली अर्थिंगचा खड्डा होता. इतकी वर्षं खरकट्या पाण्याने तो ओला राहायचा, त्यामुळे सुटलेला करंट जमिनीत जिरायचा. फरशी टाकली आणि खड्डा ठणठणीत कोरडा पडला. मिस्तरींनी त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ-कोळसा भरला, पाणी घालायला पाईपचा तुकडा बसवला. गुरुजींनी ही गोष्ट पुढे स्वतःच वर्गात सांगितली, असं ऐकतो. तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती भांडणानेच. बराखीतली मोटर जळली होती. त्यांनी मजुरी सांगितली. मी सवयीने निम्म्यावर आणली. आमच्या धंद्यात पहिला आकडा कुणी खरा मानत नाही, तो नमस्कारासारखा असतो. मिस्तरी रागावले नाहीत. मोटर उघडी होती, तिचे स्क्रू त्यांनी ओंजळीत घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"शेठ, निम्म्यात करतो. ह्यातलं निम्मं कुठलं ठिवू, ते तुमी निवडा."

हमाल हसले. मी लालबुंद झालो, आणि सांगितलेली मजुरी दिली. आयुष्यात जे थोडे सौदे मी हरलो, त्यातला तो पहिला. दुसराही त्यांच्याशीच हरलो, आणि तोच सांगायचा आहे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी थोरली, प्राजू, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दुपारच्या वेळी हिला गार खोलीत डाव्या कुशीवर झोपवायचं, घामाघूम होऊ द्यायची नाही, जिवाला घोर लावायचा नाही. आमचा बंगला दिसायला झकास, पण स्लॅबचा, आणि प्राजूची खोली पश्चिमेची. एप्रिलमध्येच दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. आवाज गोड, पण मुद्दा पक्का. "आमच्याकडं दोन खोल्यांना एसी आहे. मोठं हॉस्पिटल जवळ आहे. उगाच जिद्द कशाला? पाठवून द्या तिला परत."

त्यांचं चुकत नव्हतं, हे आज म्हणतो. तेव्हा मी बायकोकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. तिने पदराचं टोक दाताखाली धरलं होतं.

माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. तिची आई आधीच गेलेली, आणि भावजयीने जागा नाही म्हणून कळवलं. नारायणगावात आमची एक भाड्याची खोली होती. मी पहाटे बाजाराला जायचो. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठून चुलीपाशी बसली होती. तेव्हाचं ते बाळ म्हणजे ही प्राजू. पंचवीस वर्षांत तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण प्राजूची बातमी कळली त्या दिवशी तिने जुन्या मऊ साड्या काढून दुपटी शिवायला घेतली, आणि मला एवढंच म्हणाली, "हिचं मी माझ्या हातानं करनार."

मी त्याच दिवशी मंचरला जाऊन एसी घेतला.

अर्थात घासाघीस करून घेतला. दीड तास लावला. स्टॅबिलायझर फुकट घेतला, बसवणं फुकट घेतलं. दुकानदार म्हणाला, तांब्याचा पाईप तीन मीटर फुकट, त्याच्या पुढे लागला तर मीटरवर पैसे. मी म्हणालो, तीन मीटरच्या वर बोटभरही लागता कामा नये. दोन कारागीर आले. त्यांनी बाहेरचं यंत्र गच्चीवर ठेवू का विचारलं. गच्चीवर न्यायचं तर पाईप सात मीटर. मी नाही म्हणालो. मग त्यांनी ते मागच्या भिंतीवर, बंगला आणि बराख यांच्यामधल्या बोळात टांगलं. "सावली पन हाय," ते म्हणाले. मी खूश. पाईपही वाचला, सावलीही मिळाली.

आठ दिवस खोली थंडगार. मग एका दुपारी दोनच्या सुमारास खटकन आवाज झाला आणि बोर्डातलं सोळाचं, म्हणजे सोळा अँपिअरचं, करंट वाढला की आपोआप पडणारं बटण खाली पडलं. वर केलं, दहा मिनिटांनी पुन्हा पडलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बरोबर दुपारी, जेव्हा एसीची गरज. सकाळी आणि संध्याकाळी शहाण्यासारखा चालायचा. दुकानाची माणसं दोनदा येऊन गेली. एकदा अकरा वाजता, एकदा साडेअकराला. "चाललाय की साहेब," म्हणायचे, बटण बदलून जायचे. दुपारी दोनला पुन्हा खटकन. प्राजू घामाने चिंब व्हायची, आणि डॉक्टरीणबाईंच्या वहीतला प्रेशरचा आकडा दर खेपेला वर सरकायचा.

शेवटी नाइलाजाने मिस्तरींना बोलावलं. ते संध्याकाळी पाचला आले, एसी गारेगार चाललेला. ते उंबऱ्याशी बसले.

"भाभी, दुपारी दोनला घरात काय चालतं?"

"काईच न्हाई वो," बायको म्हणाली. "मिक्सर न्हाई, गिझर न्हाई. सगळी झोपल्याली. पाखरू न्हाई हालत."

पहिल्यांदा मी मिस्तरींना कोड्यात पडलेलं पाहिलं. "उद्या दोनला येतो," म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहीणबाईंचा फोन, आम्ही दोघं निघालोय. दुपारी दीडला त्या आणि जावई हजर. म्हणजे मिस्तरी आले तेव्हा दिवाणखान्यात मी, बायको, विहीणबाई, जावईबापू, आणि आतल्या खोलीत प्राजू, असा सगळा दरबार भरलेला. मिस्तरींनी चिमट्यासारखं मीटर वायरीला लावलं आणि आकड्यावर डोळा ठेवून उभे राहिले. आकडा हळूहळू चढत होता. दोन वाजून पाच मिनिटांनी एकदम उसळला आणि खटकन बटण पडलं.

विहीणबाईंनी पर्समधून छोटा पंखा काढला आणि आत जाऊन प्राजूला वारा घालायला लागल्या. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"मिस्तरी," मी म्हणालो, "सोळाचं काढा आन् बत्तीसचं टाका. जोर पुरंना त्याला."

"नाय टाकता येनार शेठ."

"का?"

"खोलीतली वायर बारीक हाय. दीड एमएमची. बत्तीसचं टाकलं तर बटन नाय पडनार, वायर तापल. बटन पडतंय ते चांगलं करतंय."

"मग आडलंय कुठं ते सांगा!"

"कॉम्प्रेसर तापून आडकतंय. आडकलं की चौपट करंट वढतंय. पर तापतंय कशानं ते गवसलं नाय अजून. एक दिवस द्या."

"एक दिवस? ही मान्सं आत्ता बसलीत माझ्या घरात!"

मग मी बोलत सुटलो. बोलणं हाच माझा धंदा आहे. आधी गोड बोललो, पोरीची शपथ घातली. मग म्हणालो, आठवडाभरासाठी टाका, नंतर काढा. मग म्हणालो, मी जबाबदार, लिहून देतो. मग म्हणालो, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मंचरला छप्पन्न वायरमन आहेत. मिस्तरी खाली मान घालून उभे. शेवटी माझा तोल गेला, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाला मी एकेरीवर आलो. "तू मिस्तरी हायेस, मी मालक हाय. सांगतो ते कर!"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, पडलेल्या बटणावर आडवी मारली, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, हे कोनी वर करायचं नाय." आणि मोपेडला किक मारून निघून गेले.

माझ्या घरात, माझ्या पैशाच्या बटणाला, माझ्या विहीण-जावयासमोर पट्टी. विहीणबाई निघताना म्हणाल्या, "रविवारी गाडी घेऊन येतो. तिची तयारी करून ठेवा." तो दिवस गुरुवार होता.

मिस्तरींवरचा माझा राग हा असा आहे. तो बरोबर की चूक हे वाचणाऱ्याने ठरवावं, पण आधी पुढचं ऐकावं.

शुक्रवारी सकाळी मी दुसरा वायरमन आणला. त्याने माझं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि पाच मिनिटांत बत्तीसचं बटण बसवून दिलं. मला तो माणूस फार आवडला. दुपारी दोन वाजले, सव्वादोन, अडीच. बटण पडलं नाही. एसी मध्येच घुमायचा, थांबायचा, पुन्हा घुमायचा, पण बंद नाही. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो आणि विहीणबाईंना काय ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव करायला लागलो.

तीनच्या सुमाराला प्राजूने हाक मारली. "पप्पा, कसला तरी वास येतोय."

मला येत नव्हता. गरोदर बाईला नाही नाही ते वास येतात, असं मी म्हणालोही. बायको मात्र आत गेली. तिने भिंतीवरून हात फिरवला, बोर्डापासून पलंगाच्या उशापर्यंत, जिथून वायर आतून गेली होती. हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "बंद करा. तव्यावानी तापलीय."

मी मेन स्विच पाडला. तापलेली जागा प्राजूच्या डोक्यापासून दीड हातावर होती.

बायकोने प्राजूला बाहेरच्या खोलीत निजवलं, ओला पंचा तिच्या कपाळावर ठेवला, आणि माझ्यासमोरच फोन उचलून मिस्तरींना लावला. मी ऐकत होतो. ती एवढंच म्हणाली, "मिस्तरी, रविवारी पोरगी नेत्यात."

शनिवारी दुपारी बारालाच मोपेड वाजली. माझं तोंड कडू. ते माझ्याकडे न बघता आत गेले, बत्तीसचं बटण काढून खिशात टाकलं, सोळाचं बसवलं, आणि खोलीपुरती जाड वायर उघड्यावरून प्लास्टिकच्या पट्टीत घालून घेतली. मग नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी बसायच्या ऐवजी मागच्या बोळात गेले.

बोळाच्या तोंडाशी बराखीच्या सावलीत माझ्याकडच्या बाया कांदा निवडत बसल्या होत्या. सकाळी त्या पुढच्या अंगणात बसतात. जेवणं झाली की ऊन पुढे येतं, म्हणून मागे सावलीला येतात. मिस्तरी त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. मी जरा लांब उभा राहिलो, पण कान तिकडे.

"काय हिराबाई, ह्या डब्याचा तरास व्हतो का तुमाला?"

हिराबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. तोंड फटकळ. "तरास कसला? आमचा तो झाडूवाला हाय!"

बाकीच्या बाया खिदळल्या.

"झाडूवाला?"

"मंग! आमी निवडतो, टरफलं उडत्यात, आन् त्यो सगळी वढून घेतो बगा. शेठनी ह्यो डबा बसवल्यापासनं मागं झाडायचं कामच न्हाई ऱ्हायलं. शेठ लई गुनाचं!"

मिस्तरी उठले, मोपेडपाशी गेले, तिचा आरसा पान्याने सोडवला आणि यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत तो तिरका धरला. बराच वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच, आमच्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच, त्यांनी मला हाताने बोलावलं.

"या शेठ. बघा तुमचा माल."

आरशात पाहिलं. यंत्राच्या पाठीला, जिथून ते हवा आत घेतं, कांद्याच्या टरफलांची गोधडी बसली होती. लाल, जाड, एकावर एक दाबलेली. हवा जायला सुईएवढी जागा नव्हती. रोज दुपारी बाया मागे बसायच्या, टरफलं उडायची, आणि सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात कसाबसा निभावणारा तो डबा दुपारच्या उकाड्यात गुदमरून तापायचा. समोरून पाहणाऱ्याला तो नवाकोरा दिसायचा. गच्चीवर ठेवला असता तर एक टरफल चिकटलं नसतं. चार मीटर पाईप मी वाचवला होता.

मिस्तरींनी हे मला बोलून दाखवलं नाही. त्यांनी भिंतीवरून यंत्र पुढे ओढून घेतलं, मऊ ब्रशने टरफलं उतरवली, बारीक पत्र्याच्या पाकळ्यांवर पाण्याची हलकी धार सोडली. टरफलांची एक अख्खी पाटी भरली. हिराबाई ती उचलताना म्हणाली, "आरं देवा, म्हंजी उद्यापासनं पुन्यांदा झाडायचं व्हय?"

दीड वाजता एसी सुरू केला. मिस्तरींनी चिमट्याचं मीटर लावलं. आकडा परवाच्या निम्म्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. प्राजू आत आडवी झाली. दोन वाजले. बाया हातातला कांदा तसाच ठेवून ओट्यावर येऊन बसल्या. बायको बोर्डासमोर उभी, जणू बटण पडलं तर ती ते झेलणार होती. सव्वादोन. अडीच. कुणी तरी शिंकलं तर मी त्याच्यावर डोळे वटारले. तीन वाजता बायको पाय न वाजवता आत डोकावली आणि परत आली.

"झोपलीय," ती म्हणाली. "घोरतीय वो."

मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसलो आणि बसूनच राहिलो. आठ दिवस छातीवर कुणी पोतं ठेवलं होतं आणि ते आता उचललं, असं वाटलं. मिस्तरी तोवर बोर्डाच्या दाराआड पेन्सिलीने काही लिहीत होते. ते गेल्यावर मी वाचलं. 'टरफल काढले. दर आठवड्याला बघणे. सोळाच. बत्तीस नको.'

सोमवारी मी माणसं बोलावून यंत्र गच्चीवर नेलं आणि पाईपचा भाव विचारला नाही. पण त्याआधी रविवार आला. विहीणबाई गाडी घेऊन आल्या, ऐन दुपारी. प्राजूच्या खोलीत तिच्याशी बोलत बसल्या. तासाभराने बायको चहा घेऊन गेली तर सासू-सून दोघी एकाच पलंगावर गाढ झोपलेल्या. बायकोने चहा परत आणला आणि स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे इथंच. आमच्याकडं सुद्धा इतकी छान झोप येत नाही मला." पुढच्या महिन्यात मंचरला प्राजूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सव्वा महिना माझ्या बायकोने तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. धुरी, शेक, डिंकाचे लाडू, सगळं आपल्या हाताने.

मिस्तरींशी मात्र मी बोललो नाही. मजुरी बायकोच्या हातून दिली. रस्त्यात दिसले तर मान वळवायचो. चुकलो होतो हे मला कळत होतं, पण पाहुण्यांसमोर मारलेली ती काळी पट्टी डोळ्यांपुढून जात नव्हती. माझं म्हणणं असं, की नाही टाकायचं तर नाही, पण मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तसं तडकाफडकी निघून जायला नको होतं.

पुढच्या संक्रांतीच्या सुमाराला कळलं की मिस्तरी दुकान बंद करून मुलीकडे संगमनेरला चाललेत. डोळ्यांनी दगा दिला होता. बारीक वायरींचे रंग ओळखू येईनासे झाले होते. मी गाडी काढली आणि घोडेगावला गेलो. त्यांना पोचवायला गेलो नव्हतो, हिशेब चुकता करायला गेलो होतो.

गाळा जवळजवळ रिकामा होता. ते एका खोक्यात जुनी बटणं भरत होते.

"मिस्तरी, एक विचारायचं हाय."

"विचारा की शेठ. बसा."

मी बसलो नाही. "त्या दिवशी पाव्हन्यांसमोर पट्टी मारून गेलात. मी वाईट बोललो, मान्य हाय मला. पर तुमी मला दोन शब्द समजावून सांगाया पायजे व्हते. आसं मधीच टाकून पळून जानं शोभलं का तुमाला?"

मिस्तरी हातातलं बटण चाचपत म्हणाले, "पळालोच व्हतो शेठ. खरं हाय तुमचं."

त्यांनी बटण खोक्यात टाकलं.

"तुमचं बोलनं लई वंगाळ. आधी गोड, मग तिखट, मग पुन्हा गोड. मानूस वाकतो. पोरीची शपथ घातली ना तुमी, तवाच बत्तीसचं बटन माझ्या हातात आलं व्हतं, पिशवीत. अजून पाच मिनटं उभा ऱ्हायलो असतो तर बसवलं असतं. म्हनून पट्टी मारली आन् पळालो. तुमच्यावर रागावून नाय गेलो. माझाच भरवसा नव्हता मला."

"खरंच बसवलं असतं?"

"बसवलं असतं शेठ."

त्यांनी ते सहज सांगितलं आणि खोक्यात पुढचं बटण टाकलं. मी खोक्याशेजारी खाली बसलो. आयुष्यभर ज्या जिभेच्या जोरावर मी माणसं वाकवली, त्या जिभेचा मला तिथे पहिल्यांदा धाक वाटला. मग आम्ही दोघांनी मिळून ते खोकं दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या सामानाच्या टेम्पोत चढवलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि टेम्पो जुन्नर फाट्याच्या दिशेने निघून गेला. मी सौद्यातलं एकही वाक्य बोललो नाही.

घरी आलो. प्राजू संक्रांतीला आली होती. तिची लेक, माझी नात, पश्चिमेच्या त्या खोलीत रांगत पलंगाच्या उशाकडच्या, त्या दुपारी तापलेल्या भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथे दोन्ही हात टेकून उभं राहायचा प्रयत्न करत होती. मी धावत जाऊन तिला उचललं.

"आवं, बाहेरून आलाय, हात धुतलं का?" बायको आतून ओरडली.

नाही म्हणालो, आणि पोरीला खाली ठेवलं नाही.